पहिला माल आत

४ जून

ताई,

पुन्हा तेच. मागच्या पत्रात तू मला चार ओळींत दोनदा 'भिरभिऱ्या' म्हटलंस आणि वर लिहिलंस की याचे पत्ते ठेवायला वेगळं कपाट लागेल. लागू दे. तुला कपाटांची काय कमी? तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात माणसांपेक्षा कपाटं जास्त आणि कपाटांपेक्षा झुरळं जास्त. आणि मी काही हौसेने जागा बदलत नाही. कारखान्यातल्या मुकादमाने माझं काम आपल्या भाच्याच्या नावावर दाखवलं, मी त्याला दोन शब्द सुनावले, त्याने मला दार दाखवलं. दार दाखवलं की मी बाहेर जातो, इतका साधा माणूस आहे मी. तू मात्र सात वर्षं 'हंगामी मदतनीस' म्हणून दारातच उभी आहेस, ना आत ना बाहेर. तुला काय म्हणायचं?

आता मी मालगोदामात आहे. ट्रक भरायचे, ट्रक उतरवायचे. खोलीत आम्ही सहा जण आणि एक खिडकी. खिडकीतून शेजारच्या खोलीची खिडकी दिसते. हवा बदलायची तर आम्ही त्यांची घेतो, ते आमची घेतात.

तर तू इतिहास लिहिणार! ग्रंथालयाला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका निघणार, आणि 'गौरवशाली वाटचाल' लिहायचं काम शूःसाहेबांनी तुझ्या गळ्यात घातलं. (आई त्यांना अजून ग्रंथपालसाहेब म्हणते का? मी त्या माणसाच्या तोंडून 'शूः' सोडून दुसरा शब्द ऐकलेला नाही.) लिहिणार तू, खाली नाव त्यांचं, आणि बदल्यात तुला कायम करणार. तोंडी सांगितलं ना? मग झालंच की. तोंडी दिलेला शब्द फार टिकाऊ, त्याला वाळवीसुद्धा लागत नाही.

पण डिसेंबरअखेर विद्यापीठाच्या बागेमागच्या आपल्या दोन खोल्या सोडायची नोटीस आली आहे, आणि तू कायम झालीस तरच त्या राहतील, हे मलाही कळतं. आईला या वयात सामान उचलून कुठे नेणार? म्हणून जास्त बोलत नाही. लिही बाई, गौरवशाली लिही. फक्त एवढं सांग, त्या गौरवात तळघरातलं पाणी येणार का? आणि आपले बाबा?

तुझा,
(तुझ्याच शब्दांत) भिरभिऱ्या


१९ जून

भिरभिऱ्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. शूःसाहेबांवर ती हसली आणि मग म्हणाली, साहेबांना असं बोलू नये. मग पुन्हा हसली.

तळघरातलं पाणी येणार. पण 'महापुराशी झुंज' म्हणून येणार. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ उघडा ठेवून घरी गेलं होतं, हे लिहिलं होतं, ते साहेबांनी खोडलं. अशीच सगळी वाटचाल आहे. ग्रंथालयाची पहिली जागा म्हणजे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्या. तेव्हाची पुस्तकं आजही उघडली की कांद्याचा वास येतो. साहेबांनी तिथे घातलं, 'ज्ञान आणि अन्न यांचा सुरेख संगम'. नोंदवहीतलं पहिलं पुस्तक 'कोंबड्यांचे रोग व उपाय'. साहेब म्हणाले, विद्यापीठाची सुरुवात कोंबडीपासून कशी होईल? तत्त्वज्ञानाचं एक जाडजूड पुस्तक चाळिसाव्या नंबरवर होतं, ते आता इतिहासात पहिलं झालं आणि कोंबड्या चाळिसाव्या झाल्या. दुसरी जागा कचेरीखालचं तळघर. भिजलेली पुस्तकं मैदानावर दोऱ्या बांधून कपड्यांसारखी चिमटे लावून वाळत घातली होती. हे मी लिहिलंय आणि अजून खोडलेलं नाही. साहेबांना चिमटे आवडले असावेत.

तिसरी जागा म्हणजे आत्ताची इमारत. तळघरातून टेकाडावरच्या इमारतीपर्यंत माणसांची साखळी केली आणि हातोहात सगळी पुस्तकं नेली. विद्यापीठ काढणारे पहिले कुलगुरू, ज्यांना सगळे 'थोरले' म्हणतात, ते स्वतः साखळीत उभे राहिले. इथपर्यंत सगळं छान. पुढे अडलंय.

तुला माहीत आहे, आमच्याकडे पुस्तकांचे नंबर उलटे आहेत. जगात सगळीकडे एक नंबर दाराशी असतो. आमच्याकडे तो पार मागच्या भिंतीला, संडासाच्या शेजारी, आणि सगळ्यात शेवटचा विषय, म्हणजे इतिहास, दार उघडलं की समोर. बाहेरून येणारा प्रत्येक जण विचारतो, असं का? साहेब म्हणतात, याला काहीतरी भारदस्त कारण हवं. खरं कारण आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांचं नाव काढू नकोस असं साहेबांनी सांगितलं नाही. त्यांना ते सांगावंच लागलं नाही.

तू शाळा बुडवून बाबांबरोबर बागेत बसायचास. माझ्याशी ते त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. मी त्याच इमारतीत नोकरीला लागले होते ना. तुझ्याशी बोलले असतील. थोरले काय म्हणाले, कोण कुठे उभं होतं, जे आठवतं ते लिही. आणि एकदा तरी नीट लिही, थट्टा नको.

ताई


२ जुलै

ताई,

थट्टा नको म्हणतेस, मग घे.

बाबा ग्रंथालयात शिपाई व्हायच्या आधी माझ्यासारखेच ट्रक भरायचे. साखळीच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत, पुस्तकं फळीवर लावायला त्यांनाच उभं केलं, कारण त्यांची पाठ सगळ्यात भक्कम. त्यांच्या शेजारी यादी घेऊन एक तरुण कारकून उभा राहायचा होता. कुठलं पुस्तक कुठे, ते तो सांगणार. पण खाली साखळीचा फोटो काढणारा आला. थोरले साखळीत आहेत म्हटल्यावर कारकून यादी खिशात घालून धावत सुटला आणि थोरल्यांच्या शेजारी घुसला. तो फोटो तुमच्या वाचनालयात अजून लटकतोय. थोरल्यांच्या उजव्या हाताला, भांग पाडलेला, तो कोण? तेच. तुमचे शूःसाहेब. तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाडायला भांग होता.

इकडे पुस्तकं तर यायला लागली. एक नंबरपासून. बाबांनी काय करावं? त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. ट्रक भरताना पहिला माल आत, शेवटचा दाराशी. नाहीतर पहिला माल दारात रचला तर मागून येणारा आत जाणार कुठून? मी रोज हेच करतो. इथे कुणी उलट केलं तर मुकादम आईमाईवरून शिव्या देतो. बाबांनी एक नंबर मागच्या भिंतीला लावला आणि तिथून रचत रचत दाराशी आले. संध्याकाळी हात झटकून बाहेर आले तर शाबासकीची वाट बघत होते, असं ते मला म्हणाले होते. त्यांच्या मते आख्खी इमारत त्यांनी एका दिवसात व्यवस्थित भरली होती.

मग थोरले वर आले. कारकून यादी घेऊन मागोमाग. थोरल्यांनी आत पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. हातातली काठी उंबऱ्यावर आपटली आणि म्हणाले, "ज्याला आत यायचे आहे, त्याने आधी इतिहास ओलांडावा." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दिवा लावला आणि ग्रंथालय सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांना बागेत पाठवलं. फायलीत शेरा, 'कामात गंभीर चूक', म्हणून मरेपर्यंत रोजंदारी. पुन्हा सगळं सुलट लावायला विद्यापीठाकडे पैसे नव्हते. शेरा मारायला शाई होती.

झालं का तुझं काम? इकडे माझे हात सोलून निघालेत, पत्राला डाग दिसला तर तो वंगणाचा आहे, रडलो नाही.

भिरभिऱ्या


२८ जुलै

भिरभिऱ्या,

तुला साष्टांग नमस्कार घालायला हवा. ते वाक्य!

मला आधी शंका आली, तू थट्टा तर करत नाहीस? मग म्हटलं, मी बजावलं होतं थट्टा नको म्हणून, तेव्हा नसेल केली. आणि कारकुनाचा फोटो मी जाऊन पाहिला, तो अगदी तू म्हणतोस तसा आहे. म्हणजे बाकीचंही खरं असणार. मी साहेबांना कारकुनाचं काही सांगितलं नाही, फक्त थोरल्यांचं वाक्य तेवढं मांडणीच्या प्रकरणात घातलं.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "आठवलं! मी तिथेच होतो. शेजारीच. याच कानांनी ऐकलंय." एवढं लांब वाक्य ते माझ्याशी सात वर्षांत पहिल्यांदा बोलले. मग बातमी पसरली. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक काठी टेकत आले. त्यांनाही आठवलं. ते म्हणाले, वाक्य बोलताना थोरल्यांनी एक हात वर केला होता. तत्त्वज्ञानाच्या बाई या वाक्यावर तासभर व्याख्यान देणार आहेत. आणि आता ते दगडावर कोरणार! काळा दगड, सोनेरी अक्षरं, ग्रंथालयाच्या दाराबाहेर भिंतीत बसवणार. कोरणाऱ्याचा भाव अक्षरामागे पंचवीस. आता सगळे म्हणतात, उलटे नंबर ही थोरल्यांची दूरदृष्टी. कालपर्यंत हेच लोक नाक दाबून एक नंबर शोधायला जात होते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग ते चांगलं काम होतं तर." एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

ताई


९ ऑगस्ट

अगं ताई!

ते वाक्य माझं आहे!

थोरले असं काही म्हणाले नाहीत. बाबांनी मला सांगितलेलं, थोरले "गाढवा" म्हणाले, आणि पुढे जे म्हणाले ते तुझ्या स्मरणिकेत बसणार नाही. वाक्य मी बनवलं. पायपांच्या ढिगावर बसून, एका हाताने डास मारत. तू भारदस्त कारण मागितलंस, मला राग आला, मी म्हटलं घ्या भारदस्त. मला वाटलं तू वाचून हसशील आणि फाडून टाकशील. 'माना डोलावल्या आणि दिवा लावला' वाचूनसुद्धा तुझ्या डोक्यात दिवा लागला नाही? सातवीत दोनदा बसलेल्या माणसाचं वाक्य तुम्ही दगडावर कोरता? ज्या शाळेने मला काढलं तिथे एक प्रत पाठव. हेडमास्तर जिवंत असतील तर घेरी येऊन पडतील.

दोन दिवस मी हसतोय. खोलीतल्या पाच जणांना सांगितलं. आता ते मला 'थोरले' म्हणतात आणि चहाचे पैसे मला द्यायला लावतात. आणि शूःसाहेबांच्या कानांना काय म्हणावं! मी अजून बोललो नव्हतो तेव्हा त्यांनी ऐकलं. आणि ते म्हातारे प्राध्यापक, हात वर केला होता म्हणे! हात वर केला असेल तर तो बाबांच्या कानाखाली वाजवायला.

हसून झाल्यावर एक गोष्ट खटकली. तुझ्या पत्रात दगड आहे, सोनं आहे, व्याख्यान आहे. तू कायम झाल्याचं नाही. इतकं भारदस्त वाक्य मिळवून दिलंस, अजून ऑर्डर कशी नाही आली?

जाता जाता. गोदाम सोडलं. आता बंदरावर शीतगृहात आहे, पत्ता वर लिहिलाय. उगाच कपाट उघडू नकोस. गोठलेली खोकी उचलतो. नाकात बर्फ होतो, पण मुकादम आत फारसा येत नाही, हे सुख.

थोरला (धाकटा)


३० सप्टेंबर

भिरभिऱ्या,

उशीर झाला. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

जागा भरली. जुलैतच भरली होती. मागचं पत्र लिहिताना मला माहीत होतं. साहेबांचा मेहुणा लागला. तो सभ्य आहे, फक्त त्याला पुस्तकं सापडत नाहीत. साहेब मला म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या फायलीत तो शेरा आहे ना, त्यामुळे समितीपुढे माझे हात बांधले गेले." वडील कायम नोकरीत असते तर वारस म्हणून जागा मला सरळ मिळाली असती. ते रोजंदारीवर, म्हणून वारसा नाही. शेरा कुणामुळे पडला ते साहेबांना माहीत, मला माहीत, आणि त्यांना हेही माहीत की मला माहीत आहे. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार, हंगामी काम तरी आहे.

एकोणीस ऑक्टोबरला दगडाचं अनावरण. नव्या कुलगुरूबाई येणार, त्या बाहेरून आल्यात, कुणाच्या नात्यागोत्यातल्या नाहीत. जुन्या कामगारांच्या घरच्यांना मागच्या रांगेत बसायला बोलावलंय. आई जाणार म्हणते. सामान बांधायला घेतलंय. बाबांची झारी न्यायची का ठेवायची यावर आईचं नि माझं दोनदा वाजलं.

ते वाक्य तुझं आहे हे मी घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. आता सांगून काय होणार? मला खोटारडी म्हणतील आणि हंगामीही जाईल. तूही रागाच्या भरात काही लिहू नकोस. आई प्रत्येक पत्र वाचून घेते आणि तू लिहितोस ते सगळं खरं धरते.

ताई


७ ऑक्टोबर

ताई, आणि आई तू पण ऐक,

रागाने लिहू नकोस म्हणालीस म्हणून बर्फात बसून लिहितोय.

वा रे ग्रंथालय! वाटचाल खरंच गौरवशाली आहे. नळ उघडा राहिला तर महापूर. कांद्याचा वास म्हणजे संगम. कोंबडी चाळिसाव्या नंबरवर. कारकून फोटोत जातो तर तो इतिहासाचा साक्षीदार, आणि जो आत घाम गाळत होता त्याची गंभीर चूक. आणि हात कुणाचे बांधले गेले? शूःसाहेबांचे! मेहुण्याला आत ओढताना बरे मोकळे होते.

आई, हे लोक तोंडाला पानं पुसतात आणि ताई पुन्हा त्यांच्यासाठी पानं आणून देते. मी तिथे असतो तर एकच गोष्ट विचारली असती. उलटी मांडणी जर एवढी थोर दूरदृष्टी, तर ती ज्याने हाताने केली त्याला बागेत का हाकललं? दूरदृष्टी असेल तर चूक कसली, आणि चूक असेल तर दगड कसला? दोन्ही एकदम कसं चालेल? पण विचारणार कुणाला? साहेब शूः करणार, प्राध्यापकांना हात वर केलेला आठवणार. जा आणि त्या दगडालाच विचारा, तोच एक तिथे खोटं बोलणार नाही.

झारी न्या. ती विद्यापीठाची नाही, बाबांनी जुन्या बाजारातून स्वतः घेतलेली आहे.

भिरभिऱ्या


२१ ऑक्टोबर

भिरभिऱ्या,

खाली बसून वाच.

परवा अनावरण झालं. पडदा ओढला, टाळ्या झाल्या. तत्त्वज्ञानाच्या बाईंनी 'ओलांडणे' या क्रियेचे सात अर्थ सांगितले, मागच्या रांगेत दोन माळी झोपले. मग साहेब उठले आणि म्हणाले, "पुस्तकं लागत होती, मी थोरल्यांच्या शेजारी उभा होतो, आणि त्यांनी हे उद्गार काढले." टाळ्या. मला वाटलं, संपलं, आता चहा.

तेवढ्यात आई उठली. मला वाटलं पाणी प्यायला चालली. ती खुर्च्यांमधून सरळ पुढे गेली, कुलगुरूबाईंना ओलांडून, आणि दगडापुढे उभी राहिली. आणि तिने दगडाला विचारलं. भिरभिऱ्या, तू लिहिलंस ना दगडालाच विचारा म्हणून? तिने दगडालाच विचारलं, मोठ्याने, एखाद्या दुकानदाराला विचारावं तसं.

"काय हो, आधी इतिहास ओलांडावा म्हणता. मग ज्याने तो इथे दाराशी आणून रचला, त्याला बागेत का हाकललं?"

साहेब म्हणाले, "शूः!"

आई म्हणाली, "तुम्हाला नाही विचारलं. ह्याला विचारलंय. ह्याला येत नसेल तर मग तुम्ही सांगा."

कुलगुरूबाईंनी विचारलं, "या कोण?" मी उभी राहिले. म्हटलं, "माझी आई. ज्यांनी पुस्तकं लावली त्यांची बायको."

"पण मांडणी तर थोरल्यांची ना?"

"विचार थोरल्यांचा असेल. पुस्तकं बाबांनी लावली. उलटी लावली म्हणून शेरा मिळाला, तो अजून फायलीत आहे."

बाई साहेबांकडे वळल्या. "तुम्ही आत्ताच म्हणालात, तुम्ही शेजारी होतात. मांडणी बघून थोरले खूश झाले की रागावले?"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रागावले म्हणावं तर दगड खोटा, खूश झाले म्हणावं तर शेरा खोटा. शेवटी म्हणाले, "दोन्ही, मॅडम."

"दोन्ही?"

निवृत्त प्राध्यापक मदतीला धावले. "आधी रागावले, मग खूश झाले. हात वर केला होता, मला स्पष्ट आठवतं."

आई म्हणाली, "मारायला?"

कुणीतरी हसलं. मागच्या रांगेतून सुरू झालं ते पुढच्या रांगेपर्यंत आलं, आणि त्या दोन माळ्यांना जाग आली. कुलगुरूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फाईल उद्या माझ्या टेबलावर पाठवा," आणि मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही बसा, चहा घ्या." आई म्हणाली, "दगडाने उत्तर दिलं की घेते."

मी त्या वेळी उठून सांगू शकले असते की वाक्य थोरल्यांचं नाही. सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. ग्रंथालयात काम करते, गप्प बसले.

आता काय होतं ते बघू. सामान बांधलेलंच आहे.

ताई


११ जानेवारी

भिरभिऱ्या,

तुझं पत्र नाही, म्हणजे शीतगृह सुटलं. हे बंदरावरच्या चहावाल्याच्या पत्त्यावर टाकते, तो तुला हुडकून काढतो असं तूच लिहिलं होतंस.

निकाल लागला. कुलगुरूबाईंनी समिती नेमली, तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. दगड काढायचा की शेरा. दगड महाग पडला होता, म्हणून शेरा काढला. बाबांनी 'संस्थापकांची संकल्पना निष्ठेने प्रत्यक्षात आणली' असं आता फायलीत आहे, आणि ते मागल्या तारखेपासून कायम झाले. मला वारस म्हणून जागा मिळाली. कायम. खोल्या राहिल्या. आईने सामान एका दुपारीत सोडलं आणि झारी दाराशी ठेवली.

आता हस. बाबा कायम झाले ते जिथे होते तिथे, म्हणजे बाग विभागात. वारसाची जागा त्याच विभागात मिळते, असा नियम साहेबांनी स्वतः शोधून आणला. त्यांना नियम मात्र बरोबर सापडतात. पहिल्या तारखेपासून मी विद्यापीठाची कायम माळी आहे.

पहिला दिवस मी रडले, खोटं कशाला सांगू. सात वर्षं त्या पुस्तकांची धूळ झटकली आणि आता खुरपं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या खिडकीखाली तण काढत होते, तर खिडकी उघडली आणि मेहुण्याने डोकं बाहेर काढलं. "बाई, रसायनशास्त्र कुठे ठेवलंय हो?" म्हटलं, "दारापासून उलटं मोजत जा." आता दिवसातून दहा वेळा खिडकी उघडते. विद्यार्थी तर आतच जात नाहीत, सरळ वाफ्याशी येऊन विचारतात आणि मग पुस्तक आणायला आत जातात. साहेब काचेतून बघतात. ओठांवरून कळतं की शूः म्हणतायत. पण मी बाहेर आहे, बाहेर त्यांची शूः चालत नाही.

दगड बाहेरच्या भिंतीत आहे. त्याचा खालचा हातभर भाग कोराच आहे आणि फुलझाडांच्या वाफ्यात जातो. वाफा माझ्या ताब्यात आहे. हे तुला का सांगतेय, मलाच कळत नाही.

तुझी ताई, कायम


२९ जानेवारी

माळीणबाई,

चहावाल्याने पत्र दिलं आणि वर दोन कप उधारीचे पैसे वसूल केले, म्हणजे तुझं टपाल मला महाग पडतं. मी आता सामानाच्या गाडीवर आहे. लोकांची घरं एका गावातून उचलायची आणि दुसऱ्या गावात नेऊन ठेवायची. दुसऱ्यांची घरं हलवताना मजा येते. आपलं हलायचं राहिलं म्हणून येत असेल.

आई दगडाशी बोलली हे वाचून मी गाडीतच इतका हसलो की ड्रायव्हरने ब्रेक मारला. मग मागे जाऊन खोक्यांवर बसलो, थोडा वेळ. ते तुला सांगायची गरज नाही.

तर तुम्ही ग्रंथालयाला ग्रंथालयाच्या बाहेर नेलंत. चौथी जागा, बागेतला वाफा. स्मरणिकेत नवीन प्रकरण घाल. साहेबांना विचार, याच्यात कशाचा कशाशी संगम आहे. आणि समितीचं मला पटलं. दगड महाग, माणूस स्वस्त, शेरा फुकट, म्हणून शेरा काढला. बाबांना एवढी वर्षं त्यांनी 'गाढवा'वर ठेवलं आणि आता 'निष्ठेने' म्हणतात. निष्ठा कसली? त्यांनी थोरल्यांची संकल्पना नाही प्रत्यक्षात आणली. त्यांनी ट्रक भरला. नीट भरला. आमच्याकडे काल नवा माणूस आला, कपाट दारातच उभं करून बसला. मी त्याला जे सांगितलं ते बाबांच्याच आवाजात निघालं, माझं मलाच कळलं.

तू लिहितेस, खालचा हातभर दगड कोरा आहे, वाफा माझ्या ताब्यात, आणि मला का सांगतेय कळत नाही. मला कळलं. वरचं वाक्य माझं आहे, ते थोरल्यांना राहू दे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त गरज दिसते. पण खाली, झाडांच्या मागे, त्याच कोरणाऱ्याकडून, लहान अक्षरांत, सोनं न लावता, एवढंच कोरून घे: पहिला माल आत, शेवटचा दाराशी. नाव नको. नाव टाकलं तर समिती बसेल. पुढे झाडं दाट लाव आणि कुणी विचारलंच की नंबर उलटे का, तर कात्री घेऊन जा आणि दोन फांद्या छाट. आईला सगळ्यात आधी दाखव. तिला म्हणावं, दगडाने उत्तर दिलं, आता चहा घे.

मी मोजलीत, चौदा अक्षरं होतात. स्वल्पविरामाचे वेगळे मागितले तर एक पैसा देऊ नकोस, तो आपण घरी खिळ्याने पाडू. अक्षरामागे पंचवीस धरून साडेतीनशे पाठवतोय.